अप्पाची हातभर तार

अप्पाला मी समोरासमोर पहिल्यांदा हाक मारली ती ते गेल्यावर. दुपारचे अडीच वाजले असतील, दुकानाच्या मागच्या खोलीत ते खुर्चीवर बसलेले होते, मान छातीवर, दोन्ही हात मांडीवर, मला वाटलं डोळा लागलाय. मी चहाचा कप टेबलावर ठेवला आन् कडेवरच्या सुजूला म्हनलं, "सुजू, आज्जाला म्हनावं चहा गार व्हायलाय." उत्तर आलं न्हाई. परत म्हनलं. रोज तर लगेच बोलायचे, सुजूला वेडावून दाखवायचे... तिसऱ्यांदा मी सुजूला काही म्हनलंच न्हाई, "अप्पा!" म्हनून ओरडले, आन् ओरडल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. लग्न होऊन साडेतीन वर्सं झाली होती, आन् त्या मानसाला मी एकदाबी अप्पा म्हनून हाक मारलेली न्हवती.

आमच्याकडं सून सासऱ्याच्या तोंडाला तोंड लावत न्हाई. मला ह्या घरात तसं कोनी सांगितलं न्हवतं, सासू तर मी यायच्या आदीच वारलेल्या, पन माहेरी नौबादला माझ्या मायनं लग्नाच्या आदल्या दिवशी कानात सांगितलेलं, सासऱ्यासमोर पदर खाली पडू द्यायचा न्हाई आन् तोंड उघडायचं न्हाई, ते असं बसलं की निघालंच न्हाई. पहिली दोन वर्सं तर मी भिताडाला बोलायची, "जेवन झालंय म्हनावं," आन् अप्पा भिताडाला म्हनायचे, "येतो म्हनावं." मग सुजू झाली आन् आमची सोय झाली. ती पंधरा दिवसाची असल्यापास्नं आमचे सगळे निरोप तिच्यातून जायचे. अप्पा मला चिडवायचे पन ते बी तिलाच सांगून. "सुजू, तुझी माय विहारात बायकांच्या पुढं माइक धरून वंदना म्हनती, आन् घरात मी एकटा हाय तर तिला माइक लागतोय, तो माइक तू हायस." मी पदरात तोंड घालून हसायची.

अप्पाचं बिदरकडं मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडंला मोटार वायंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या, बोअरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, अप्पा त्यातली जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायचे. आसपासची गावं त्यांला मिस्त्रीच म्हनायची. मी आले तवा डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, एका डोळ्याचं आपरेशन झालेलं, दुसरा धुरकट, आन् गुडघे असे की शिडीच्या दुसऱ्या पायरीला हात टेकायचे. दुकान आमचे हे बघायला लागलेले. अप्पाला मागची खोली आन् सेलवर चालनारा एक जुना रेडिओ, एवढंच. पन तो रेडिओ... सकाळी सातला बरोबर लावायचे, त्याच्या आदी उठून घराचा मेन पाडायचे. सगळ्या घराची बत्ती जायची. पंखा बंद, चार्जर बंद, ह्यांची दाढी आर्धी. हे वरडायचे, "अप्पा, लोकं बत्ती यावी म्हनून हापीसात जाऊन बसतेत, आन् तुमी आलेली घालवायलाव!" अप्पा म्हनायचे, "अर्ध्या घंट्यात काय अंधार पडायलाय का तुझ्यावर." गावात खरंच बत्ती गेली की सगळे करवादायचे आन् आमच्या खोलीत अप्पा खुश. मला वाटायचं म्हातारपन हाय. मग कळलं की बल्बात, चार्जरात, डिशच्या डब्यात बारकं बारकं काहीतरी सारखं चालू-बंद होत असतंय, डोळ्याला दिसत न्हाई पन रेडिओला दिसतंय, त्याची सगळी खरखर तारेत शिरती आन् लांबून आलेला बारीक आवाज तिच्याखाली चेंगरून मरतोय.

त्यांला लांबचं एक स्टेशन ऐकायचं होतं, पार महाराष्ट्रातलं, बारकं. कलबुर्गीचं आमच्याकडं फकाफक लागतंय, ते नको असायचं त्यांला. त्या लांबच्यावर सकाळी शेतीचं काहीतरी असायचं. हे म्हनले, त्यात काय, आन् हुमनाबादहून टीव्हीचा बूस्टर आनून सेटच्या मागं लावला. बाप रे... खरखर दुप्पट झाली, आन् वर कलबुर्गीवाला सगळ्या आकड्यांवर चढून बसला, कुठंबी काटा न्या, तोच बोलायला. अप्पानं दोन मिनिटं ऐकलं आन् सुजूला म्हनले, "तुझ्या बापाला म्हनावं, बाजारात हळू बोलनारं मानूस ऐकू येईना म्हनून सगळ्या बाजाराच्या हातात भोंगे दिलास." हे रागानं बूस्टर काढून फेकून निघून गेले. मी तिथंच भाजी निवडत होते, मला लई हसू आलेलं.

मग अप्पानं आपल्या हातानं येगळीच एरियल करायचं ठरिवलं, आन् तवापास्नं मी त्यात आले. मला काय येतंय, सातवीत शाळा सुटली. पन त्यांला पार्टांचे सुई-दोऱ्यागत बारीक पाय दिसत न्हवते, आन् मला दिसत होते. ते सुजूला सांगायचे, मी करायची. सुजू तवा नुस्ती बसायला लागलेली, मधी सतरंजीवर बसायची आन् तोंडात वायरीचा तुकडा, तो मी काढायची, ती दुसरा घ्यायची. आन् अप्पा एखाद्या मास्तरागत तिला सगळं समजावून सांगायचे. ते म्हनायचे, "ऐक सुजू. एक हातभर तार हाय. एवढी आखूड तार हवेतलं जे काही धरती, ते इतकं थोडं असतंय की बोटाला लावलं तर संपलं. समज, वाटीत थेंबभर दूध हाय आन् तुला कळायला पाहिजे ते गोड हाय का न्हाई. चाखलीस तर दूधच संपलं, मग खाली काय पाठिवशील? तर चाखायचं न्हाई. वास घ्यायचा." मग हरभऱ्याच्या डाळीएवढा काळा, तीन पायाचा एक जिन्नस तळहातावर घेऊन तिच्या नाकापुढं धरायचे. "ह्याचं नाव फेट. हा चाखत न्हाई. तारेवर आलेलं एवढंबी खात न्हाई, नुस्ता वास घेतो, आन् तसंच्या तसं दूध आपल्या घरच्या दुधातून करून खाली देतो. घरचं दूध म्हंजे बॅटरी."

मी मान खाली घालून सोल्डर करायची पन कान तिकडंच. मला शंका आली की मी बी सुजूलाच इचारायची. "सुजू, आज्जाला इचार, मग ह्यानं आवाज मोठा होतोय का?" अप्पा टेबलावर हात मारायचे. "न्हाई! हेच कुनाला कळत न्हाई. उंची तेवढीच राहती, नुस्ता दम येतो. सांग तुझ्या मायला, आपली केबल हाय ना पंधरा वार, ती भुकेली हाय, आन् खाली सेट बी भुकेला. थेंबभर आलेलं त्यांच्या तोंडात घातलं की काहीच उरत न्हाई. म्हनून ज्याच्या अंगात दम हाय असा एक मानूस वरच, तारेच्या बुडालाच बसवायचा. तुझ्या बापानं बूस्टर कुठं लावला? खाली. खाली येइस्तोवर आवाज मेलेला, मग मेल्याला कितीबी उठवून बसव." असं बोलायचे आन् सुजू त्यांच्या मिशा धरायची.

मला सगळ्यात नवल वाटलं ते एकाच केबलीचं. बॅटरी खाली, फेट वर, मग त्याला करंट द्यायला दुसरी वायर पाहिजे ना? अप्पा म्हनले, न्हाई. "सुजू, ज्वारी हुरड्याला आली की रानात माळा करून राखनदार बसवतेत, तुला दाखवीन. त्याची भाकर ज्या शिडीनं वर जाती, त्याच शिडीवरून तो खाली सांगतो, पाखरं कुनीकडून यायलीत. शिडी एकच. तसं हितं बॅटरीचा करंट वर जातोय आन् आवाज खाली येतोय, एकाच तारेतून." मग दोन्ही टोकाला दोन दोन दारं केलेली. एक त्यांनी हातानं वळलेली कॉइल, वायंडिंगचा हात होता तो, डोळे झाकून वळायचे, तिच्यातून बॅटरीचा करंट सरळ जातोय पन रेडिओचा आवाज जात न्हाई. आन् दुसरा एक कंडेन्सर, त्याचं उलटं, आवाजाला सोडतोय आन् बॅटरीला आडवतोय. म्हनून भाकर सेटात जात न्हाई आन् आवाज बॅटरीत मरत न्हाई. मला हे कळलं त्या दिवशी मी भाकरी करताना एकटीच हसत होते, हे म्हनले काय झालंय हिला.

शिडी चढायची ती मीच. सुजूला पाठीला बांधून पहिल्यांदा दुकानाच्या पत्र्यावर गेले. पन अप्पा म्हनले तार पत्र्यावर न्हाई लावायची, घरातल्या खरखरीची सगळी घान तिथं असती, म्हनून मागच्या चिंचेपल्याड लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या डोक्यावर प्लास्टिकच्या डब्यात तो फेट आन् वर हातभर तार. पाइपाच्या बुडाला जमिनीत लोखंडी कांब ठोकली, तिला रोज तांब्याभर पानी घालायची, ती अर्थिंग. आन् केबल घराकडं यायच्या आदी जुन्या टीव्हीतलं एक काळं जाड कडं होतं, त्याच्यात नऊ-दहा वेढे घातले. कामून, तर घरातली खरखर केबलीच्या आत न शिरता नुस्ती तिच्या आंगावरून चढून वर जाती, आन् त्या कड्यात अडकून बसती. अप्पा खोलीतून हाळी द्यायचे, "सुजूऽऽ, कांबेला वायर घट्ट कर गं!" शेजारचा पंक्चरवाला सगळ्यांला सांगायचा, मिस्त्रीला लई घाई हाय, दात न आलेल्या नातीला कामाला लावलंय.

पहिल्यांदा लागलं तो दिवस... मेन पाडला, मी बॅटरीचे चिमटे लावले, अप्पानं काटा हळू हळू नेला आन् विहिरीच्या तळातून कोनीतरी बोलावं तसा एका बाईचा आवाज आला. खरखर होती पन मागं होती. ती बाई हरभऱ्याच्या पेरनीचं सांगायली. अप्पा हललेबी न्हाईत. शेती न्हाई आमच्याकडं, एक गुंठाबी न्हाई, आन् अप्पा हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं असं ऐकायले जसं काय उद्या वावरात जायचंय. शेवटी ती बाई म्हनली, मी शीला, आपला निरोप घेते. अप्पानं तिथंच सेट बंद केला. पुढं गानी होती ती लावली न्हाईत. आन् मी आदी उठून दार लोटलं, कारन त्या घरात ते नाव काढायचं न्हवतं.

शीलाक्का म्हंजे अप्पाची थोरली लेक, ह्यांची बहीन. मी तिला तवर बघितलेलीबी न्हवती. मी यायच्या कितीतरी आदी तिचं लग्न ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आन् आठ दिवस राहिले असताना ती चिठ्ठी ठेवून निघून गेली, मला हे लग्न नको म्हनून. कुनाबरोबर पळून न्हाई, नुस्ती गेली, मैत्रिनीकडं, शिकायला. अप्पा घरोघरी जाऊन पत्रिका परत मागून आनत होते म्हने, दुबलगुंडीपर्यंत सायकलवर गेलते. तवा चार मानसांत बोलले, ह्या दारात तिचं नाव काढायचं न्हाई. आन् बोललेलं मागं घेतील ते अप्पा कसले. ती रेडिओवर बोलती हे त्यांला उदगीरकडच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलेलं, मोटार भरायला आलेला. तवापास्नं हे चाललेलं. नाव काढायचं न्हाई, पन त्यांनी रोज सकाळी हवेतून तेच नाव घरात आनून ठेवलेलं, आन् ते फक्त मला माहीत. बत्ती गेली की हे तनतनत दुकान झाडायला निघून जायचे.

मी एकदा धीर केला. सुजूला म्हनलं, आज्जाला सांग, मोबाईलवर सगळी स्टेशनं लागतेत, साफ, खरखर न्हाई. अप्पानं काटा जरा इकडंतिकडं केला. मग म्हनले, "सुजू, मोबाईलला सांगावं लागतंय मला अमक्याचं ऐकायचंय म्हनून. मग तिकडं कळत असंल कोन ऐकायलंय ते. हवेतलं धरलं तर कुनाला कळत न्हाई. कुनी पाठिवलं न्हाई, कुनी मागितलं न्हाई." आन् थोड्या वेळानं, "तुझ्या मायला म्हनावं, हे तिच्यापाशीच राहू दे." मी ते ठेवलं. लई भीत भीत ठेवलं.

आन् आता जे सांगायचंय ते मी तीनदा लिहून खोडलंय. अप्पा जायच्या सोळा दिवस आदी सकाळी मी चुलीपाशी होते, उशीर झालेला, मेन पडलेला, सुजू रात्रभर किरकिर करून नुकती झोपलेली. बॅटरी मीच लावायची रोज, अप्पाला लाल-काळा चिमटा उमजायचा न्हाई. पन सात वाजत आलेले, मी येईना म्हनून त्यांनीच चिमटे हातात घेतले. मला दारातून दिसलं. काळा लालवर चालला होता. मला दिसलं, अगदी सरळ दिसलं. मी तोंड उघडलं आन्... सुजू झोपलेली होती. कुनाला सांगू? भिताडाला सांगायला बी भिताड त्यांच्या पाठीमागं. नुस्तं "थांबा" म्हनायचं होतं, दोन अक्षरं, पन ती न म्हनता मी पळत जाऊन सुजूला चिमटा काढला की ती रडंल आन् अप्पा इकडं बघतील. ती रडली. अप्पानं बघितलं. पन तवर चिमटे लागले होते. खरखर एकदम गेली, आन् नुस्तं सुन्न झालं. वरचा फेट जळला.

अप्पानं चिमटे हातानं चाचपले, कळलं त्यांला. ते म्हनले, "सुजू, चूक माझी हाय. एक डायोड टाकायचा ऱ्हायला होता, तो उलट्या करंटला जाऊच देत न्हाई. रोज म्हनलं उद्या टाकू." तसला फेट बिदरात मिळंना, दुकानदार म्हनला हैद्राबादहून मागवून बसमध्ये कंडक्टरकडं देतो. मग रोज दुपारी अप्पाचं एकच, "सुजू, तुझ्या मायला इचार, बिदरची गाडी आली का?" गाडी यायची, पाकीट यायचं न्हाई. सकाळी सातला ते उगंच मेन पाडायचे आन् मुक्या सेटापुढं बसायचे. मी बघितलं होतं हे मी त्यांला सांगितलं न्हाई. सुजूला मधी घालून बी सांगितलं न्हाई. आन् सोळाव्या दिवशी दुपारी चहा गार झाला.

अप्पा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शीलाक्का आली. एक बॅग, पांढरी साडी, आली ती दुकानातल्या वायंडिंगच्या मशीनपाशी स्टुलावर बसली, आत आली न्हाई. पाव्हने तिच्याकडं न बघता बघायचे. मी भांडी घासत होते तवा ती जवळ आली, तोच आवाज... मी कितीदा ऐकलेला, पन असा, खरखर नसलेला, पहिल्यांदाच. ती म्हनली, "रेखा ना तू? एक इचारू? अप्पानं माझं नाव कधी काढलं होतं का गं?" पाठीमागं हे उभे, चुलत सासरे उभे. आन् अप्पा म्हनले होते ना, तुझ्यापाशीच राहू दे... मी म्हनलं, "न्हाई." नाव खरंच काढलं न्हवतं. तिनं मान हालवली, जसं तिला ते ठाऊकच होतं. जाताना सुजूच्या हातात काहीतरी खाऊ दिला आन् एका चिटोऱ्यावर आपला नंबर लिहून माझ्या हातात कोंबला, "सुजूला बघावं वाटलं तर..." म्हनली. मग बस आली आन् ती गेली. मी दोनदा गप बसले होते, आन् दोन्ही वेळेला अप्पा आन् अक्काच्या मधल्या वाटंवर.

पाकीट आलं ते पुढच्या आठवड्यात. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "ओ, मिस्त्रीचं पार्सल!" त्याला माहीत न्हवतं. आत दोन फेट, कागदात गुंडाळलेले. मी ते पाकीट दोन दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवलं. मग तिसऱ्या दिवशी दुपारी सुजू झोपल्यावर शिडी लावली, डबा खाली आनला, जळालेला काढला. पायाला चिमटा धरून सोल्डर करायचं, म्हंजे गरमी आत जात न्हाई, हे अप्पानं सुजूला सांगितलेलं. डायोड त्यांनी टेबलाच्या खनात काढूनच ठेवला होता, तो टाकला, त्याच्यावरची पट्टी कुनीकडं पाहिजे ते तीनदा बघितलं. डबा परत वर बांधला. उतरताना एकेक पायरी चाचपत आले, पडले असते तर पोरीचं काय, असलं सगळं डोक्यात.

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी, मी बॅटरी लावली, सेट लावला. नुस्ती खरखर. मला रडूच आलं... आन् मग आठवलं, मेन. मी कुनाला न इचारता जाऊन मेन पाडला. हे मोरीतून ओरडले, "बत्ती गेली का?"

मी म्हनलं, "न्हाई. मी पाडली."

"कामून?"

मी उत्तर द्यायच्या आदीच ती बोलायला लागली. तुरीवरच्या शेंगा पोखरनाऱ्या अळीचं. हे तोंडाला साबन लावलेलं, तसेच दारात येऊन उभे राहिले. साबन वाळला तोंडावर. मग म्हनले, "ही अक्का हाय?" मी म्हनलं, व्हय. "अप्पा ऐकत होते?" मी म्हनलं, रोज. ते उंबऱ्यातच खाली बसले. मला वाटलेलं मारतील न्हाई तर निदान ओरडतील, ते काहीच न्हाई. कार्यक्रम संपला तवा म्हनले, "तिचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

फोन मीच लावला. अक्का म्हनली, "रेखा, उगं माझं मन राखायला बोलू नको. आमचं केंद्र तिकडं लागतच न्हाई. आमचे इंजिनियर म्हनतात, तिकडं नकाशातबी येत न्हाई ते." मग मी सांगितलं. हातभर तार, फेट, चाखायचं न्हाई वास घ्यायचा, केबल भुकेली असती, भाकर वर आन् निरोप खाली, कांबेला पानी, काळं कडं, मेन, सगळं एका दमात, मधी कुठं थांबायचं ते कळंना. तरी तिला पटलंय असं वाटंना. मी म्हनलं, अक्का, तू दिवाळीच्या आदी एकदा घाटेअळी म्हनून किडीचं वाचताना फसकन हसलीस, मग क्षमा करा म्हनलीस, परत हसलीस. अप्पा त्या दिवशी इतके हसले की चष्मा काढून पुसला, आन् दिवसभर सुजूला घाटेअळी म्हनायचे. आन् एकदा तुझा घसा बसलेला तर त्यांनी सुजूला सांगितलं, तिला म्हनावं मिठाच्या पान्यानं गुळन्या कर.

मग मी बाकीचं बी सांगून टाकलं. काळा चिमटा लालवर चालला होता ते मला दिसलेलं, मी बोलले न्हाई, शेवटचे सोळा दिवस त्यांनी तुझा आवाज ऐकला न्हाई ते माझ्यामुळं. अक्का म्हनली, "आगं, मला इतक्या वर्सांत एक फोन लावता आला न्हाई, आन् तू एका मिनिटाचं काय घेऊन बसलीस..." आन् मग बारक्या पोरीगत म्हनली, "ती तार कशी हाय म्हनलीस? परत सांग." मी परत पहिल्यापास्नं सांगितलं. ह्यांनी मधी मधी माझ्या चुका काढल्या, त्यांला काहीच माहीत न्हवतं तरी.

हे सगळं पेपरात लिहायला ह्यांनीच सांगितलं. पाव्हन्यांनी वाचलं पाहिजे म्हनले. भीती वाटती, पन लिहिलं.

आता खोलीतल्या अप्पाच्या खुर्चीत कोनी बसत न्हाई, आमी तिघं खाली सतरंजीवर बसतो, सातला. मेन हे पाडतेत. काल अक्कानं हवामान सांगितलं, करडईचं सांगितलं, आन् शेवटी "मी शीला" म्हनायच्या आदी एकदम थांबली. इतका वेळ कोनी थांबत न्हाई रेडिओवर. हे माझ्याकडं बघायले, हळूच म्हनले, "गेली का?" मी सेटाला कान लावला. बोलनारं मानूस गप बसलं तरी स्टेशन चालू असंल तर मागची खरखर दबलेली राहती, स्टेशन गेलं की एकदम उसळून वर येती. खरखर वर आली न्हवती.

मी म्हनलं, "न्हाई, हाय. थांबलीय नुस्ती."